पंचांगासकट नावनोंदणी

कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवला आणि गेली वीस-बावीस वर्षं मोठ्या कष्टाने टिकवून ठेवलाय. प्रिंटर अडला की मी त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याने बघतो, बंद करून पुन्हा चालू करतो, आणि तो चालला की चष्मा पुसतो. चष्मा पुसण्याने फार फरक पडतो. माणसाने काहीतरी अवघड केलंय असं वाटतं.

पोटापाण्यासाठी मी मँचेस्टरमधल्या एका कंपनीत वेब कंपोनंट बनवतो. ते काय असतं हे मी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. वेबसाइट बनवणाऱ्यांना लागणारे तयार भाग: तारीख निवडायचं कॅलेंडर, नकाशा, बटणं, फोटो चढवायची चौकट. आम्ही ते एकदा बनवून ठेवायचे आणि लोकांनी हवा तो उचलून आपल्या पानात बसवायचा. अशा भागांचा संग्रह म्हणजे लायब्ररी.

"म्हणजे रेडीमेड ब्लाउज," सासूबाई म्हणाल्या.

"हो, तसंच म्हणा."

"मग ते कधी नीट बसतात का?"

मी हसण्यावारी नेलं.

बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, आणि गेली नऊ वर्षं शनिवारी सकाळी इथल्या कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत मुलांना मराठी शिकवते. आमची मुलगी त्या वर्गाची पहिली विद्यार्थिनी. ती आता सतरा वर्षांची आहे आणि मला सुधारण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. वर्ग सुरू झाला तेव्हा खोली भरलेली असायची. मग कोणाचं फुटबॉल आलं, कोणाचं पियानो, कोणी लीड्सला राहायला गेलं. गेल्या टर्मला सहा मुलं उरली. त्यातली दोन भावंडं, एकाला सर्दी झाली की दोघं गैरहजर.

जूनमध्ये सेंटरच्या मॅनेजरबाईंनी विचारलं की सप्टेंबरपासून शनिवारची खोली हवी आहे की नाही. तायक्वांदोवाले कधीचे रांगेत होते. जुलैच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत काय ते कळवा, म्हणाल्या. बायकोने ठरवलं की दहा नावं आली तर वर्ग चालू ठेवायचा, नाही तर थांबवायचा. तिने हे भाजीत मीठ किती घालायचं ते ठरवावं इतक्या साधेपणाने सांगितलं. पण त्या दिवशी तिने चहात साखर दोनदा घातली. एरवी ती बिनसाखरेचा घेते.

"सगळ्यांना एकेक फोन करून टाक ना," मी सुचवलं.

"फोन केला की लोक हो म्हणणार. माझ्या तोंडावर कोण नाही म्हणेल? मला ते नकोय. ज्यांना खरंच हवंय त्यांनी आपणहून नाव द्यावं. ग्रुपवर एक साधा फॉर्म टाकते."

इथे मी मधे पडलो.

"साधा कशाला?" मी म्हटलं. "घरात माणूस आहे ना."

घरातला माणूस दोन रविवार बसला. नाव, पत्ता, मुलाची जन्मतारीख आणि शेवटी बायकोचा एक प्रश्न, एवढंच तर विचारायचं होतं. पण आपण आपल्या लायब्ररीतलं काहीतरी दाखवावं असं मला वाटलं. मराठी कीबोर्ड टाकला, म्हणजे आईबाप देवनागरीत नाव लिहितील. सेंटरचा नकाशा टाकला, जरी तिथे सगळे नऊ वर्षं येत होते. बोटाने सही करायची चौकट टाकली. आणि जन्मतारखेचं कॅलेंडर तर असं सजवलं की विचारू नका: तारखेवर बोट ठेवलं की खाली तिथी आणि नक्षत्र. पंधरा वर्षांचं पंचांग त्यात भरलं होतं. मुलगा आषाढ शुद्ध नवमीला जन्मला हे बायकोला कशासाठी हवं होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही. "असू दे, कमी पडायला नको," असं मी मनाशी म्हणालो. हे वाक्य आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि आमच्या सगळ्यांच्या पोटांचे घेर त्याचीच साक्ष देतात.

इथल्या मराठी मंडळाच्या जूनमधल्या जेवणाला मी प्रोजेक्टर लावून तो फॉर्म सगळ्यांना दाखवला. दहा मिनिटं बोलायचं ठरलं होतं, पंचवीस मिनिटं बोललो. भात निवत होता. तिथी उमटल्यावर टाळ्या पडल्या. एक काकू म्हणाल्या, "किती मनापासून केलंय हो!" ग्रुपवर लिंक टाकली तर एकवीस अंगठे आले. मी मोजले.

मग तीन आठवडे काहीच नाही.

नाही म्हणायला तीन नावं आली होती. एक आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं. उरलेली दोन मीच टाकली होती, चालतंय का ते बघायला. त्यातल्या एका मुलाचं नाव 'चाचणी' होतं आणि दुसऱ्याचं 'चाचणी दोन'.

बायको रोज संध्याकाळी यादी उघडायची आणि बंद करायची. एकदा तिला तिच्या आईशी फोनवर बोलताना ऐकलं: "नाही गं, राग कसला. लोकांना नकोय आता. मुलं इथली, त्यांना काय करायचंय." पण तिचा आवाज राग आलेल्या माणसाचाच होता. पुढच्या रविवारी तिने ग्रुपसाठी निरोपाचा मजकूर लिहिला आणि मला वाचायला दिला. 'नऊ वर्षं तुम्ही साथ दिलीत' अशी सुरुवात होती. मी शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली. तेवढीच माझी मदत.

शुक्रवार यायला तीन दिवस उरले असताना, मंगळवारी, ऑफिसातून ट्रामने घरी येत होतो. शेजारी येऊन बसले ते वर्गातल्या त्या सर्दीवाल्या भावंडांचे आजोबा. निवृत्त इंजिनियर, साताऱ्याकडचे, मुलाकडे राहायला येऊन सहा वर्षं झालेली. नातवंडांना शनिवारी वर्गाला तेच सोडायचे. मला बघून त्यांनी खिशातला फोन काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला.

"एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"तुमचं ते पान... ते यायला साधारण किती वेळ लागतो?"

"किती वेळ म्हणजे? लगेच येतं."

"अच्छा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग न राहवून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर पांढरं पान होतं. संपूर्ण पांढरं, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखं. "मी रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी उघडून ठेवतो. पोहे संपतात, चहा संपतो, हे काही येत नाही. परवा एकदा वर नकाशाचा कोपरा दिसला होता. मी सुनेला हाक मारेपर्यंत गेला."

"मग सांगायचं ना, काका!"

"कसं सांगणार? तुम्ही इतकं मनापासून केलेलं. आम्हाला वाटलं, फोन आमचाच जुना." त्यांनी फोनची काच शर्टाला पुसली. "मुलाच्या फोनवर पण येत नाही. त्याच्या मित्राच्या पण नाही. ते म्हणतात, आपलं नेट खराब. नेटचं काय हो, त्याला वाईट नाही वाटत."

ट्राम पुढच्या स्टॉपवर थांबली, दोन माणसं उतरली, आणि मला अंगभर घाम फुटला. एकवीस अंगठे! एकवीस घरांत लोक पांढऱ्या पानासमोर बसले होते आणि मला बरं वाटावं म्हणून अंगठा वर करत होते. त्या तीन आठवड्यांत मी काय केलं होतं? माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेगवान नेटवर, रोज पान उघडून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, मस्त.

घरी आलो तेव्हा बायको परसात वाळलेले कपडे काढत होती. साडेसात वाजले होते, तरी उन्ह लख्ख होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने चिमटे हातात धरूनच ऐकलं.

"म्हणजे त्यांना नको होतं असं नाही?"

"बहुतेक नाही."

"तीन आठवडे मी लोकांवर धुसफुसत होते. आईजवळ नको नको ते बोलले. आणि त्यांना दारच उघडत नव्हतं!" तिने एक चिमटा टोपलीत आपटला. "कुलूप कोणी लावलं? घरातल्या माणसाने."

मुलगी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. "बाबा, seriously? तू साध्या फोनवर टेस्ट नाही केला?"

"माझ्याकडे चालत होतं."

"Oh my God. ते सगळे developers म्हणतात."

बुधवारी मी सुट्टी टाकली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. ब्राउझरला विचारलं की बाबा रे, हे पान उघडताना तू नेमकं काय काय ओढून आणतोस? त्याने यादी दिली. ती वाचताना कान गरम झाले.

आमच्या ऑफिसच्या लायब्ररीत एक नियम आहे, आणि तो माझ्याच आग्रहाने झाला: प्रत्येक कंपोनंट स्वयंपूर्ण हवा. त्याला चालायला जे जावास्क्रिप्ट लागतं, ज्याला आम्ही डिपेन्डन्सी म्हणतो, ते त्याने स्वतःच्या पोटातच बाळगायचं. वापरणाऱ्याला काही कमी पडायला नको. एकेकटा कंपोनंट घेतला तर ते सोयीचंही असतं. पण माझ्या पानावर असे चार होते. चारांच्याही पोटात तोच पाया होता, म्हणजे सगळ्यांना लागणारा मूळ कोड, शब्दन् शब्द तोच, चार वेळा. तारखांचा हिशेब करणारं एक जाडजूड पॅकेज कॅलेंडरने आणलं होतं, सहीच्या चौकटीनेही आणलं होतं, सहीखाली तारीख टाकायला, आणि नकाशानेही, सेंटर कधी उघडतं ते सांगायला. शिवाय त्या पॅकेजमध्ये जगातल्या यच्चयावत भाषांतले महिने होते. आइसलँडमध्ये फेब्रुवारीला काय म्हणतात हे आजोबांच्या फोनला पोहे खाता खाता तीन वेळा वाचावं लागत होतं. आणि हे सगळं, पंधरा वर्षांच्या पंचांगासकट, संपूर्ण उतरल्याशिवाय 'मुलाचे नाव' हा साधा रकानासुद्धा दिसायचा नाही, अशी व्यवस्था मी केली होती.

बायको दुपारच्या शिफ्टला निघायची होती. मागे उभी राहून तिने विचारलं, "काय सापडलं?"

मी जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे लेक डिस्ट्रिक्टच्या पिकनिकसारखं," ती म्हणाली.

त्या पिकनिकला सात घरं सात गाड्यांतून गेली होती. प्रत्येक घराने कुकर आणला होता. तांदूळ, साखर, लोणच्याची बरणी, सगळं सात वेळा. मुलांना पाय ठेवायला जागा नव्हती. तळ्याकाठी पोचल्यावर कळलं, ताटं कोणीच आणली नाहीत.

"अगदी तसंच," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी काय केलं होतं आपण? एकाने कुकर आणायचा, बाकीच्यांनी तोच वापरायचा. आणि पापड भाजायचे ते कोणी मागितले तर." तिने पर्स उचलली. "यात एवढं अवघड काय आहे?"

अवघड खरंच काही नव्हतं. नेमकं हेच आमच्या टीममधल्या एका मुलीने चार महिन्यांपूर्वी लिहून दिलं होतं. ती लिव्हरपूलची, हुशार, माझ्या निम्म्या वयाची. समाईक पाया प्रत्येकाच्या पोटातून बाहेर काढून एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे ब्राउझर तो एकदाच आणेल आणि सगळ्यांना वापरू देईल. जड भाग गरज पडेल तेव्हाच मागवा. मी तिला उत्तर दिलं होतं की कल्पना चांगली आहे, सवडीने बघू. आता मी तिचं ते टिपण शोधून काढलं आणि एकेक ओळ वाचत निमूटपणे तसं करत गेलो.

पाया बाहेर काढला. तारखांच्या पॅकेजमधून मराठी आणि इंग्रजी ठेवून बाकीच्या भाषांना नमस्कार केला. नकाशा 'रस्ता दाखवा' हे बटण दाबल्यावरच यायचा. मराठी कीबोर्ड, नावाच्या रकान्यात बोट ठेवल्यावर. आणि सगळ्यांत आधी एक साधासुधा फॉर्म दिसायचा, जो जावास्क्रिप्ट आलं नाही तरी भरता येईल आणि पाठवताही येईल. बायकोला तीन आठवड्यांपूर्वी हवा होता तसला.

चार वाजता आजोबांना फोन केला आणि त्यांच्या घराजवळच्या ट्राम स्टॉपवर भेटायला बोलावलं. घरी नको, तिथे त्यांच्या मुलाचं नेट असेल. मला रस्त्यावरचं, रडतखडत चालणारं हवं होतं. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. समारंभाला यावं तसे.

"उघडू?"

"उघडा."

"आलं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बाकावरच्या बाई दचकल्या. "आलं, आलं! नाव विचारतंय! लिहितो हं... थांबा. पत्ता आला, जन्मतारीख आली. दाबतो. अरे? अडकलं."

मी त्यांच्या फोनमध्ये डोकावलो. फॉर्म दिसत होता, पण तारखेचा रकाना मेल्यासारखा पडला होता. तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला. सहीच्या चौकटीच्या पोटातला जुना पाया काढायचा राहून गेला होता. त्यामुळे एकाच नावाचा कंपोनंट दोनदा नोंदवायचा प्रयत्न होत होता, आणि ब्राउझर म्हणत होता की हे नाव आधीच घेतलेलं आहे, मी दुसऱ्याला देणार नाही. तो तिथेच हात झटकून बसला होता.

"बरोबर आहे त्याचं," आजोबा म्हणाले. "एका वर्गात एकाच नावाची दोन पोरं असली की मास्तरची पंचाईत होते. एकाला घरी पाठवा."

"काका, सही लागते का हो खरंच?"

"कशाची?"

"फॉर्मवर."

"मराठी शिकायला? सातबारा करताय की काय?"

सहीची चौकट मी सगळीच काढून टाकली. तिच्याबरोबर राहून गेलेला जुना पायाही गेला. मग पंचांगाकडे बघितलं. ते मागवल्यावर येईल असं करता आलं असतं. पण कोण मागवणार होतं? तेही काढलं. त्याला मात्र जरा हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

आजोबांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून एका बोटाने दोन्ही नातवंडांची नावं भरली आणि 'पाठवा' दाबलं. मग फोन छातीशी धरून म्हणाले, "गेलं."

एवढ्यात ट्राम आली. ते उगाचच हात हलवून ड्रायव्हरला अभिवादन करून आले.

त्या संध्याकाळी बायकोने ग्रुपवर स्वतः लिहिलं. मी काय लिहावं ते सुचवलं होतं, ती म्हणाली, तू गप्प बस. तिने लिहिलं: 'फॉर्म उघडत नव्हता. चूक आमच्या घरची आहे. आता साधा केलाय. यापुढे काही बिघडलं तर कृपा करून तोंडावर सांगा, यांना सवय आहे.' त्यावर एकही अंगठा आला नाही. पाच मिनिटांत मात्र पहिलं नाव आलं.

मग येतच राहिली. गुरुवारी दुपारपर्यंत चौदा झाली. माझी 'चाचणी' नावाची दोन पोरं मी आधीच काढून टाकली होती, ती धरलेली नाहीत. एक नाव स्टॉकपोर्टहून होतं, आम्ही त्या घराला ओळखतही नव्हतो. बायकोने फॉर्मच्या शेवटी एक रकाना ठेवला होता: 'मराठी का शिकायचं आहे?' माझ्या सजवलेल्या फॉर्ममध्ये तो सगळ्यांत खाली, नकाशाच्याही खाली होता. तिथपर्यंत शेजारी सोडून कोणी पोचलंच नव्हतं. आता ती टेबलाशी बसून एकेक उत्तर मोठ्याने वाचत होती. एका आठ वर्षांच्या मुलाने स्वतः इंग्रजीत लिहिलं होतं की आजी फोनवर जोक सांगते आणि सगळे हसतात, त्याला त्याच वेळी हसायचंय, नंतर नाही. एका आईने लिहिलं होतं, 'तीन आठवडे प्रयत्न करतेय, आता कृपया जागा संपली म्हणू नका.'

वाचता वाचता बायको थांबली. "हे बघ. तुझं कॅलेंडर पुन्हा चुकलं. हे मूल अडतीस वर्षांचं आहे."

खुर्ची ओढून बघायला बसलो. तारीख बरोबर होती. नावही ओळखीचं निघालं: वर्गातल्या एका मुलीची आई. बाई इथल्याच, बोल्टनच्या, नवरा सांगलीचा. दोन वर्षं दर शनिवारी मुलीला सोडून वर्ग सुटेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायच्या. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'माझ्या घरात काय बोलतात ते मला कळायला हवं. शिवाय गाडीत फार थंडी वाजते.'

बायको एकदम हसली, आणि हसता हसताच नाक पुसायला उठली. परत आली ती मला टेबलावरून उठवून लॅपटॉपसमोर बसली आणि सेंटरच्या मॅनेजरबाईंना मेल लिहायला घेतला. खोली हवी आहे, सप्टेंबरपासून, पूर्ण वर्षासाठी. तायक्वांदोवाल्यांना सॉरी सांगा. एवढं लिहून ती थांबली.

"त्या खोलीतल्या खुर्च्या सगळ्या लहान मुलांच्या आहेत ना?"

"हो, निळ्या."

तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: एक मोठी खुर्चीही लागेल. मग जरा विचार करून 'एक' खोडलं, 'तीन-चार' केलं, आणि मेल पाठवून दिला.